दुसऱ्याच्या मापाची सीट

टोळाला मोठ्या संघाने उचललं ही बातमी मला वस्तऱ्याखाली कळली. आमच्या चढावरच्या सलूनमध्ये मी मान मागे टाकून बसलो होतो, गळ्याला फेस होता, आणि टोळाचा मामा दारातूनच ओरडत आत आला, "गेला! आपला टोळ गेला!"

न्हाव्याचा हात माझ्या नरड्यावर थांबला. "अरे देवा! परवा तर केस कापून गेला."

"तसा नाही रे! वर गेला, वर!"

"तेच म्हणतोय मी. कसा काय?"

मामाने कपाळाला हात लावला आणि मग नीट सांगितलं. नीट म्हणजे मामाच्या मानाने नीट. त्याचं गाद्यांचं दुकान आहे. दिवसभर मऊ जागी बसून राहिल्यामुळे असेल, त्याला कुठलीही गोष्ट टोचत नाही आणि कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही. त्याची आणखी एक खोड सगळ्या गल्लीला पाठ आहे. भाचा जिंकला की "आपण जिंकलो", भाचा हरला की "तो हरला". त्या दिवशी तो "आपण, आपण" असंच बोलत होता, त्यावरून बातमी चांगली आहे एवढं आम्ही ओळखलं.

टोळ म्हणजे शिवणवालीचा धाकटा. त्याची आई नवे कपडे शिवत नाही, फक्त जुने बेतून देते. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. मोठा भाऊ वाढला की त्याचे कपडे धाकट्याच्या मापाचे करून द्यायचे, हा तिचा निम्मा धंदा. ते कपडे पोचवायला हा पोरगा आईच्या जुन्या लोखंडी सायकलवरून बस थांब्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढायचा. तो चढ असा आहे की दुधाची गाडीसुद्धा त्यावर कण्हत येते, आणि आम्ही म्हातारे खाली जायचं काम निघालं की आधी परत यायचं कसं याचा विचार करतो. पोरगा मात्र सीटवरून उठायचा, कोपर बाहेर, गुडघे बाहेर, आणि उड्या मारत गेल्यासारखा वर जायचा. न्हाव्याने नाव ठेवलं टोळ. आता त्याच्या सख्ख्या आईलाही त्याचं खरं नाव आठवायला क्षणभर लागतो.

सायकलच्या शर्यतींतही जाती आहेत, हे मला टोळामुळे कळलं. काही शर्यती आठवडेच्या आठवडे चालतात. काही सकाळी सुटतात आणि दिवस मावळायच्या आत संपतात. त्यातल्या काही सपाट, त्या धिप्पाड लोकांच्या. आणि काही डोंगरी. त्यात मोठे घाट नसतात, पण खडे छोटे चढ एकामागून एक येतात, करवतीच्या दात्यांसारखे. अशा शर्यतीला हलकं शरीर लागतं, पायात झटका लागतो, आणि एक दिवस जीव काढून द्यायची तयारी लागते. टोळाचा जन्म त्याच्यासाठीच झालेला. त्याच्या पहिल्या छोट्या संघाचे मास्तर एका जुन्या रुग्णवाहिकेतून शर्यतींना जायचे. रुग्णवाहिका का, तर स्वस्तात मिळाली आणि आत आडवं झोपता यायचं. डोंगरी शर्यत आली की मास्तर बाकीच्या पोरांना एवढंच सांगत, "आज टोळाची शर्यत. त्याला वारा लागू देऊ नका." म्हणजे सगळ्यांनी त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा आणि शेवटच्या चढाला त्याला सोडून द्यायचं. पठ्ठ्या दोनदा जिंकला, बरेचदा पहिल्या पाचात आला, आणि मोठ्या संघाच्या नजरेत भरला.

निदान आम्हाला तसं वाटलं.

मोठ्या संघाचा माणूस बघायला आला तो प्रसंग मामाने सलूनमध्ये इतक्या वेळा सांगितलाय की भिंतीलाही पाठ असेल. माणूस सुटाबुटात आला, शिवणवालीच्या खोलीत कपड्यांच्या ढिगाऱ्यात बसला, आणि टोळाने ट्रॉफी काढायला कपाट उघडलं तर म्हणाला, "राहू दे. आधी उभा राहा." मग खिशातून टेप काढला. पायाची लांबी, मांडी, हात, खांदे, पाऊण तास मापंच घेत होता.

"कुठली शर्यत जिंकलास, एका शब्दाने विचारलं नाही!" मामा छाती फुगवून सांगायचा. "आपली कीर्ती आधीच पोचलेली! थेट मापं! कपडे शिवायलाच घेतले म्हणा ना!"

"कोंबडी विकत घेणाराही आधी वजनच बघतो," न्हावी म्हणाला. मामाने दुर्लक्ष केलं.

शिवणवाली त्या वेळी कोपऱ्यात मशीनवर बसली होती. मापं घेताना तो माणूस दरवेळी मोबाइलमध्ये काहीतरी बघतो आणि मान हलवतो, हे तिने पाहिलं. तिच्या मनात आलं की हा नवा कपडा शिवायला माप घेत नाहीये, कुणाचा तरी शिवलेला कपडा ह्याच्या अंगावर बसतो का ते बघतोय. पण घरात सगळे आनंदात. अशा वेळी आईने तोंड उघडलं तर ती अपशकुनी ठरते. तिने दोरा तोडला आणि पुढची शिवण घेतली.

करार एका वर्षाचा होता. त्यात शेवटी एक गंमत होती आणि ती कुणी लपवलेली नव्हती. वर्षअखेर संघाला वाटलं तर पोरगा आणखी तीन वर्षं त्यांचाच. संघाला नको वाटला तर मोकळा. पोराला काय वाटतं ह्याला त्यात जागा नव्हती. मामाने "तीन वर्षं" एवढंच ऐकलं आणि सलूनमध्ये सगळ्यांना सरबत पाजलं. मास्तरांनी मात्र टोळाला निरोप देताना रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं, "जा. शीक. पण नाही जमलं तर डोंगरी शर्यतींचा पुढारी म्हणून तुझी जागा मी ह्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत धरून ठेवतो. त्यानंतर मलाही कुणीतरी शोधावा लागेल रे."

गेला. तिकडे त्याला एका इमारतीत खोली मिळाली. खाली धुलाईचं दुकान, वर हा. खिडकी उघडली की साबणाची वाफ आत. खाणं तराजूवर मोजून यायचं. झोप मनगटावरच्या पट्ट्यातून संघाला कळायची. ताईला फोनवर म्हणाला, "रात्री कूस बदलली तरी सकाळी विचारतात, का बदललीस." ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, चष्म्याच्या दुकानात काम करते, जीभ आईच्या कात्रीपेक्षा धारदार. म्हणाली, "मग सांग ना, पहिली कूस तुमची मोजून झाली म्हणून."

संघाचे साहेब शर्यतीत मागून मोटारीतून यायचे आणि कानातल्या रेडिओवरून हुकूम सोडायचे. उंटावरून शेळ्या हाकणं आपल्याकडे नुसतं बोलण्यात आहे, ह्यांनी त्याची नोकरी केली. आणि संघाचा कप्तान म्हणजे डोंगरी शर्यतींतला मोठा माणूस, वय झुकलेलं, कंबर दुखरी, पण डोकं तल्लख. उंचीने टोळाएवढाच. बाकीचा संघ एक तर ताडमाड नाही तर गिड्डा.

पहिल्याच शिबिरात टोळाने सायकलवर बसून पाहिलं आणि मेकॅनिकला म्हणाला, "सीट उंच वाटते."

ह्या मेकॅनिकला सगळे पाना म्हणत, कारण कानावर पेन्सिल ठेवतात तसा तो पाना ठेवायचा. तो म्हणाला, "डॉक्टरांनी ठरवलंय. सवय होईल." आणि सीटखालच्या दांड्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली. ह्या खुणेच्या वरखाली करायचं नाही.

सवय झाली नाही. फरक किती? करंगळीच्या नखाएवढा. पण हजारो वेळा पाय फिरवायचा म्हटल्यावर नखसुद्धा खिळ्यासारखं लागतं. त्याचा उजवा गुडघा मागच्या बाजूने दुखायला लागला. रात्री बर्फ बांधून झोपायचा आणि सकाळी संघ विचारायचा, बर्फ का बांधलास.

वसंतातल्या पहिल्या डोंगरी शर्यतीत उलगडा झाला. त्या शर्यतींचे रस्ते अरुंद असतात. चढावर सगळे एकात एक अडकतात, संघाच्या मोटारी फर्लांगभर मागे राहतात. तिथे कप्तानाचं चाक पंक्चर झालं तर मोटारीची वाट बघत बसलं की शर्यत संपली. त्या दिवशी नेमकं तेच झालं, आणि टोळ जवळच होता. कानात साहेबांचा आवाज आला, "टोळ, उतर. सायकल दे." तो उतरला. कप्तान त्याच्या सायकलवर बसला आणि असा गेला की जणू रोजची स्वतःचीच आहे. काही वरखाली करावं लागलं नाही. मागून दुसरं चाक आल्यावर टोळ कप्तानाच्या सायकलवर बसला, तर तीही त्याला तंतोतंत तशीच उंच.

संध्याकाळी तो पान्याकडे गेला. पाना सायकली धूत होता.

"पाना, आमच्या दोघांच्या सायकली एकाच मापाच्या कशा?"

पान्याने नळ बंद केला. "तुला कुणी सांगितलंच नाही? अरे, त्यासाठीच तर तुला घेतलाय. त्याची उंची, त्याचे हात, त्याचे खांदे. दोन वर्षं शोधत होते. पायाचं एवढंसं कमी पडलं, ते सीटने जुळवलं."

"माझ्या सीटने?"

"मग काय कप्तानाच्या?"

मी तिथे नव्हतो, पण पाना पुढे एकदा टोळाबरोबर आमच्याकडे आला होता तेव्हा त्याने सलूनच्या बाकावर बसून हे सगळं स्वतः सांगितलं. म्हणाला, हे ऐकून पोरगा ओल्या सायकलीच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला, घरात पाहुणा येऊन आपल्या पलंगावर झोपल्यावर माणूस उभा राहतो तसा.

म्हणजे मोठ्या संघाने टोळाचे पाय घेतलेच नव्हते. कप्तानाची दुसरी सायकल सतत त्याच्या जवळ राहील अशी सोय केली होती, आणि ती चढावर आपली आपण चढते एवढाच तिचा गुण. मामाला हे कळलं तेव्हा करार झाल्यापासून पहिल्यांदाच तो "तो" म्हणाला. "तो फसला."

आता अडकणं म्हणजे काय ते बघा. टोळाने वाईट चालवली असती तर संघाने सोडला असता, पण मग मास्तर तरी वाईट चालवणाऱ्याला पुढारी कशाला करतील? आणि चांगली चालवली तर तो कप्तानाच्या अधिकच जवळ राहणार, म्हणजे सायकल अधिकच कामाची, म्हणजे तीन वर्षं पक्की. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिवाय कप्तान दुष्ट असता तर बरं झालं असतं. पण तो टोळाच्या आईची चौकशी करायचा, आपला जुना गॉगल त्याने टोळाला दिला, जेवताना स्वतःच्या ताटातलं फळ ह्याच्या ताटात टाकायचा. दुष्ट माणसाची सायकल पळवता येते. फळ देणाऱ्याची कशी पळवणार?

मोसमाच्या शेवटच्या शर्यतीआधी तो चार दिवस घरी आला. सलूनमध्ये बसला तेव्हा न्हाव्याने विचारलं, "काय टोळोबा, केस कुणाच्या मापाने कापू? तुझ्या की कप्तानाच्या?" पोरगा हसला, पण आरशात बघितलं नाही.

रात्रीच्या जेवणाला ताईने विषय काढला. मामाही होता. ताई म्हणाली, "तुला घेतलाय का, तर माप जुळतं म्हणून. बरोबर?"

"हो."

"मग माप मोड की."

"म्हणजे?"

"सीट तुझ्या मापाला घे. तुझा गुडघा बरा होईल, चालवशील चांगली. आणि तो बसायला गेला की त्याला ती बसणार नाही. चांगला चालवणारा, पण त्यांच्या उपयोगाचा नाही. तीन वर्षं ठेवतील कशाला?"

मामाने घास तोंडाजवळच धरला. "अगं पण हा तर विश्वासघात!"

"मामा, सीट ह्याची, बूड ह्याचं. विश्वास कुणाचा?"

आई तोपर्यंत उठून मशीनपाशी गेली होती. बोळात ती जुनी लोखंडी सायकल टेकलेली असते. तिची सीट गंजून कायमची बसलीय, ना वर होते ना खाली. पोरगा त्याच सीटवर वाढला. आईने पांढरा दोरा घेतला, खालच्या पेडलपासून सीटपर्यंत ताणला, वर गाठ मारली आणि कापला. गुंडाळून मुलाच्या हातात ठेवला. एवढंच म्हणाली, "मी एकाचा कपडा दुसऱ्याला रोज करून देते. पण तो माणूस समोर उभा करून करते."

शेवटच्या शर्यतीत सात चढ होते. सातव्याला तिथले लोक शिडी म्हणतात. दगडी, अरुंद, दोन्ही बाजूंना घरांचे उंबरे, आणि माथ्यावर शर्यतीचा शेवट. सकाळी हॉटेलच्या मागच्या आवारात सायकली ट्रकला टेकून उभ्या होत्या. पाना हात धुवायला गेला. टोळाने मोज्यातून सीट सैल करायची चावी काढली, खिशातून दोरा काढला, सीट गाठीपर्यंत खाली घेतली आणि लाल चिकटपट्टीसुद्धा सोलून नव्या जागी गुंडाळली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, दिवसभर त्याला वाटत होतं की सगळं जग आपल्या बुडाकडे बघतंय.

पण पाय! पहिल्या चढालाच त्याला कळलं. वर्षभरात पहिल्यांदा गुडघा गप्प होता. तिसऱ्या चढावर तो कप्तानासाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन मागून पुढे आला तर श्वास लागला नाही. पाचव्यावर मोठेमोठे गळाले. सहाव्यानंतर पुढे मोजकी माणसं उरली आणि टोळ त्यांच्यात होता. कप्तान थोडा मागे, पण टप्प्यात. टोळाने पुढे सांगितलं, "शिडीचा पहिला दगड दिसला आणि मला वाटलं, आपल्या टाकीचा चढ आला. आता आईचे कपडे पोचवायचे आणि घरी."

तेवढ्यात कानात आवाज. "टोळ, थांब. कप्तानाचं मागचं चाक गेलं. सायकल दे."

कानातला रेडिओ काढून टाकता आला असता. ऐकलंच नाही म्हणता आलं असतं, गर्दीचा गोंगाट इतका होता. ह्यातलं सगळं त्याला सुचलं, पण कधी, तर उतरून उभा राहिल्यावर. वर्षभर जे शिकवलं ते पायांनी डोक्याला न विचारता केलं होतं. पुढचे तिघे शिडीवर चढत निघून गेले.

कप्तान पंक्चर सायकल ढकलत धावत आला. टोळाने सायकल पुढे केली आणि ओरडला, "कप्तान, सीट खाली आहे! खाली आहे सीट!"

बघा, हा आमचा टोळ. आधी कट करायचा आणि मग ऐन वेळी ज्याच्याविरुद्ध केला त्यालाच ओरडून सांगायचं. पण गर्दीत कुणाला काय ऐकू येणार? कप्तानाला वाटलं पोरगा "जा, जा" म्हणतोय. तो बसला आणि गेला.

टोळ पंक्चर सायकल खांद्यावर घेऊन शिडी चालत चढू लागला. एका उंबऱ्यावर बसलेली म्हातारी म्हणाली, "चालतच यायचं होतं तर ही कशाला आणलीस रे बाळा?" त्याने नमस्कार केला आणि चढत राहिला. त्याच्या मनात एकच चाललं होतं. कप्तान हरणार. माझ्यामुळे हरणार. मी सुटणार. आणि सुटलो तरी तोंड कुठे दाखवू?

निम्म्यावर असताना माथ्यावरच्या भोंग्यातून नाव आलं. कप्तान जिंकला होता.

टोळ वर पोचला तेव्हा कप्तान त्याच सायकलला धरून उभा होता. साहेब, पाना, सगळे गोल करून. कप्तानाने विचारलं, "सीटला काय केलंयस?"

पान्याने वाकून लाल पट्टी पाहिली. तिचं टोक चुरगळलेलं होतं, आणि पाना आपली पट्टी कधीही चुरगळू देत नाही. त्याने टोळाकडे बघितलं.

"मी खाली घेतली," टोळ म्हणाला. "सकाळी. माझ्या मापाला. चूक झाली."

साहेबांचा चेहरा काळा पडला. पण कप्तान कमरेवर हात ठेवून दोन्हीकडे वळून बघत होता, नवा कोट घातलेला माणूस बघतो तसा. "आठ वर्षं," तो म्हणाला, "आठ वर्षं माझी कंबर शेवटच्या चढावर धरते. आज धरली नाही. सगळा चढ बसून चढलो. अरे, माझीच सीट उंच होती!" आणि त्याने टोळाला मिठी मारली. ओली, घामट, खरीखुरी मिठी. "साहेब, आजपासून माझं माप म्हणजे ह्याचं माप. आणि ह्याला सोडायचं नाही."

"कुणी सोडतंय!" साहेब म्हणाले. "तीन वर्षं. आत्ताच कळवतो."

पान्याने हळूच विचारलं, "मोजलंस कशाने?" टोळाने खिशातून दोरा काढून दिला. पाना म्हणाला की त्याने तो ट्रकमध्ये हत्यारांच्या खुंटीला टांगलाय. आता कप्तानाच्या सगळ्या सायकली त्याच्यावरच बेततात. शिवणवालीने मुलाला सोडवायला कापलेला दोरा, आणि तिकडे त्याचाच फास झाला. आधी माप निदान ओढूनताणून जुळवलेलं तरी होतं. आता ते मनापासून जुळलं.

गल्लीत मात्र दिवाळं वाजलं नाही, बँड वाजला. मामाने सलूनमध्ये सगळ्यांना परत सरबत पाजलं. "आपण जिंकलो!"

"आपण कुठे," न्हावी म्हणाला. "आपली सीट जिंकली. आपण मागून चालत आलो."

मास्तरांचा फोन आला तेव्हा टोळ आईसमोर बसला होता. ताईने सांगितलेलं हे. मास्तर म्हणाले, "पाहिलं मी. सहाव्या चढावर तू जसा होतास ना, ती शर्यत तुझी होती." मग म्हणाले, "जागा देऊन टाकली मी. एक पोरगा आहे, बरा आहे." टोळ म्हणाला, "त्याला वारा लागू देऊ नका." फोन ठेवला आणि आईने बेतून ठेवलेले कपडे उचलून लोखंडी सायकलवर टाकीकडे निघून गेला. पोचवायची काही घाई नव्हती. आईने दिवा लावला.

परवा तो केस कापायला आला होता. मी बाकावर, मामा दारात. गुडघा बरा आहे, झोप लागते, कप्तान फळं पाठवतो. सगळं छान. न्हाव्याने नुकताच कात्रीला हात घातला आणि टोळाचा फोन वाजला. पाना होता. त्याचा आवाज असा की फोन कानाला असला तरी सगळं सलून ऐकतं.

"टोळ, शिडीवर कप्तानाच्या बुटाचा पट्टा तुटला होता, कळलं का तुला? कसाबसा चढला. साहेब म्हणतात, पुढच्या वर्षी तेवढीही जोखीम नको. तुझ्या पायाचा नंबर काय?"

न्हावी आरशातून टोळाकडे बघत ओठांनी नुसतं म्हणाला, "खोटं सांग. खोटं!" मामाही, शपथेवर सांगतो, मामाही मान हलवत होता. एक नंबर मोठा. एक नंबर लहान. एवढंच तर म्हणायचं.

टोळाने खाली आपल्या पायांकडे बघितलं आणि खरा नंबर सांगितला.

पलीकडून जो आनंदाचा चीत्कार आला तो रस्त्यावरच्या कुत्र्यानेही ऐकला असेल. "अरे, तोच! अगदी तोच!"

फोन बंद झाला. मग न्हाव्याने कात्री हवेत कच्चकन् वाजवली आणि विचारलं, "काय टोळोबा, कापून देऊ का अर्धं बोट?"

सगळे हसले. टोळही मनापासून हसला. पण हसता हसता त्याने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.